नामकर्त्याचे दायित्व

फ्रान्समधील 'इन्रिआ' या संस्थेत १९८४ साली काम सुरू झालेल्या एका संगणकीय प्रणालीला पुढे 'कॉक' हे नाव मिळाले. गणिती सिद्धतेची प्रत्येक पायरी तपासून पाहणारी ही मुक्त-स्रोत प्रणाली. फ्रेंचमध्ये 'कॉक' म्हणजे कोंबडा, त्या राष्ट्राचे प्रतीक. प्रणालीमागील सिद्धांताची आद्याक्षरे आणि थिएरी कोकाँ या तिच्या एका निर्मात्याचे आडनाव, या दोहोंचेही सूचन त्यात होते. काव्यशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर श्लेष चांगलाच साधला होता.

इंग्रजी कानाला मात्र तोच ध्वनी पुरुषेंद्रियवाचक शिवराळ शब्द म्हणून ऐकू येतो. आपल्या संशोधनाचे साधन कोणते हे सांगताना स्त्री-संशोधकांना थट्टेला तोंड द्यावे लागे. २०२३ साली नामांतराचा निर्णय जाहीर झाला आणि २०२५मध्ये 'रॉक' या नावाने नवी आवृत्ती निघाली.

मम्मटाने अश्लीलत्व या दोषाचे व्रीडा, जुगुप्सा व अमंगल असे तीन प्रकार सांगितले आहेत. कवीला अभिप्रेत नसलेला अर्थ श्रोत्याच्या मनात उभा राहिला तरी दोष घडतोच. हेतू शुद्ध होता, हा बचाव तेथे चालत नाही. परंतु कवी व सहृदय एकाच भाषेत वावरतात, हे या विवेचनात गृहीत धरलेले आहे. येथे ते गृहीतच ढासळते. इंग्रजी भाषकाला जाणवणाऱ्या व्यंजनेसाठी फ्रेंच शब्दाने का म्हणून माघार घ्यावी? इंग्रजीच्या दडपणाखाली नांदणाऱ्या कोणत्याही भाषेच्या अभ्यासकाला हा आक्षेप सहजासहजी बाजूला सारता येणार नाही.

तरीही तो अपुरा आहे. काव्यातील शब्द न रुचल्यास वाचकाला पुस्तक मिटता येते. साधनाचे नाव मात्र वापरणाऱ्याला स्वतःच्या तोंडाने, प्रबंधात, मुलाखतीत, परिषदेत उच्चारावे लागते. इंग्रजीच्या वर्चस्वाचा निषेध म्हणून जुने नाव राखले असते, तरी त्याचा उपद्रव इंग्रजीला झाला नसता. तो एखाद्या विद्यार्थिनीला झाला असता. श्लेषाचा आनंद नामकर्त्याचा आणि संकोच दुसऱ्याचा, ही वाटणी न्याय्य म्हणता येत नाही.

नवे नाव रोकाँकूर या, प्रणालीच्या जन्मस्थानाच्या नावावरून घेतलेले आहे. बहुसंख्य वापरकर्त्यांना हा संबंध ठाऊकही नसेल; त्यांच्या लेखी तो वैयाकरणांच्या 'डित्थ'सारखा निव्वळ यदृच्छाशब्दच. इंग्रजी कानाला त्यात खडक ऐकू येतो, आणि त्याला कोणाची हरकत दिसत नाही. जुन्या शोधनिबंधांत कोंबडा अर्थातच तसाच राहिला आहे.