एन्कोडिंग बदलल्यावर अक्षर तेच राहते का?

डेटाबेसमध्ये अक्षरे साठत नाहीत. साठतात ० ते २५५ यांमधले आकडे, म्हणजे बाइट. १९९१च्या इस्की या भारतीय मानकात 'म' एका बाइटने लिहिला जातो, २०४. यूटीएफ-८मध्ये त्याच 'म'साठी २२४, १६४, १७४ असे तीन बाइट लागतात. जुना साठा एका एन्कोडिंगमधून, म्हणजे अक्षरांना बाइट ठरवून देणाऱ्या पद्धतीतून, दुसरीत नेला की मराठी अक्षरांचे बाइट पूर्वीचे उरत नाहीत, तरी मजकूर तोच आहे असेच सगळे धरून चालतात. हे 'तोच' कशाच्या बळावर म्हणायचे, यावर भारतीय दर्शनांत संगणकाच्या कितीतरी आधी वाद झाला आहे.

मीमांसकांच्या मते वर्ण नित्य आहे. उच्चार त्याला प्रकट करतो, घडवत नाही. शबरस्वामींचा दाखला असा, की 'गो' आठदा उच्चारला तर लोक गोशब्द आठ वेळा उच्चारला असे म्हणतात, आठ गोशब्द झाले असे म्हणत नाहीत. ही ओळख पटणे, म्हणजे प्रत्यभिज्ञा, हाच त्यांचा पुरावा. नैयायिकांना तो पुरेसा वाटत नाही. शब्द उत्पन्न होतो आणि नष्ट होतो; दुसरा 'ग' पहिल्याच्या जातीचा असतो, तोच नसतो. शिवाय शब्दाचे अर्थाशी नाते उपजत नसून समयाने, म्हणजे ठरावाने, जुळलेले असते.

अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकाची मांडणी मीमांसकांच्या बाजूने झुकते. तिथे 'म'ला २३५० हा क्रमांक आहे आणि बाइट कोणतेही असोत, क्रमांक ढळत नाही. डेटाबेसचा व्यवहार मात्र न्यायमताने चालतो. त्याच्यापाशी फक्त बाइट आणि ते कसे वाचायचे हे सांगणारे कॉलमवरचे लेबल असते. लेबल म्हणजे ठराव, आणि तो चुकीचा नोंदला गेला तर बाइट शाबूत असूनही अक्षर हरवते.

मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये हे वारंवार घडले, कारण तिथे बराच काळ लॅटिन-१ हे न विचारता मिळणारे लेबल होते. त्या लेबलाखाली यूटीएफ-८चा मराठी मजकूर साठला, लिहिणारा आणि वाचणारा दोघेही तीच चूक करत असल्याने पडद्यावर सगळे ठीक दिसले. मग कोणी रीतसर रूपांतराचा आदेश दिला की डेटाबेस 'म'चे तीन बाइट ही तीन स्वतंत्र युरोपीय चिन्हे समजतो आणि त्यांचे सहा बाइट करतो. आदेश निर्दोष, परिणाम कचरा. अशा वेळी करायचे असते ते उलटेच: कॉलम आधी नुसत्या बाइटांचा करायचा आणि मग त्यावर खरे लेबल लावायचे. पहिल्या मार्गात अक्षर राखून बाइट बदलतात, दुसऱ्यात बाइट राखून अक्षर बदलते. यांपैकी खरे रूपांतर कोणते, हे नुसत्या बाइटांकडे पाहून खात्रीने सांगता येत नाही. साठ्याचा इतिहास ठाऊक असावा लागतो.

लेबल खरे असूनही जागा अपुरी पडते, ही आणखी एक गत. मायएसक्यूएलचे जुने 'यूटीएफ-८' तीन बाइटांपुरतेच होते. देवनागरी त्यात बसे, मोडी बसत नसे. २०१४ साली युनिकोडमध्ये आलेल्या मोडीच्या प्रत्येक अक्षराला चार बाइट लागतात. तपासणी सैल ठेवली असेल तर न मावणाऱ्या अक्षरापासून पुढचा मजकूर केवळ एका इशाऱ्यावर कापला जाई. २०१०मध्ये चार बाइटांचा पर्याय आला, २०१८च्या आठव्या आवृत्तीत तोच नेहमीचा झाला.

पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस अशा ठिकाणी अडून बसतो: ज्या अक्षराला समोरच्या एन्कोडिंगमध्ये जोड नाही, तिथे तो चूक दाखवून थांबतो. मजकूर गमावण्यापेक्षा काम थांबलेले केव्हाही बरे. मात्र २०२१च्या चौदाव्या आवृत्तीत या थांबण्यात एक बारीक बदल झाला. फायलीतून मजकूर भरताना तोवर ओळ-ओळ होणारे रूपांतर मोठ्या तुकड्यांनी होऊ लागले, आणि तुकडा 'म'च्या मधोमधही तुटू शकतो. २२४, १६४ एवढेच हाती आले तर ते चूक म्हणायचे का? म्हणून रूपांतर करणाऱ्या फंक्शनना, थेट चूक न फेकता, किती बाइटांपर्यंत काम झाले ते सांगण्याची सोय दिली गेली. अशुद्ध आणि अपूर्ण यांतला हा भेद वैयाकरण भर्तृहरीच्या विवेचनाजवळ जातो. आधीचे ध्वनी संस्कार ठेवून जातात आणि शेवटच्या ध्वनीसरशी शब्द पुरता कळतो, असे तो मानतो. मधल्या ध्वनीवर शब्द चुकला असा निवाडा करता येत नाही.

मराठीपुरती एक गाठ याही पलीकडे उरते. 'वाऱ्यावर' यातला अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो: नुक्त्याचा 'ऱ' आणि हलन्त, किंवा साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर रूप एकच, वाचकाची प्रत्यभिज्ञाही एकच. पोस्टग्रेसची नेहमीची तुलना मात्र त्यांना वेगळे शब्द मानते, आणि एकाचा शोध घेतला तर दुसरा सापडत नाही. युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही, म्हणजे समान रूपे एका साच्यात आणण्याच्या क्रियेनेही, ती एक होत नाहीत. एक करायची तर तसा नियम मराठी जाणणाऱ्या कोणीतरी रूपांतरात वेगळा लिहावा लागतो.