पंगतीतील समता आणि प्रकृतिभेद

पंगतीत सर्वांस एकच अन्न वाढावे, ही समता खरी; परंतु मधुमेही पाहुण्यास शिऱ्याचा आग्रह करणे हा धर्म होईल काय? चरकसंहितेने आहारविधीची आठ अंगे सांगितली. त्यांत देश, काल, मात्रा यांबरोबर भोजन करणाराही गणला आहे. इस्रायलमधील वाइझमन संस्थेने ८०० व्यक्तींवर केलेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातही, एकाच अन्नाने निरनिराळ्यांच्या रक्तातील साखर कमीअधिक वाढते, असे आढळले. तेव्हा आपले पथ्य दुसऱ्यावर लादणे जसे अयुक्त, तसेच जिव्हालौल्यास ‘माझी प्रकृती’ म्हणणेही अयुक्तच होय. समता राखावयाची ती वाढणाऱ्याच्या आस्थेत. प्रसादाचा कण सर्वांनी घ्यावा. मात्रा ज्याची त्याने विवेकाने ठरवावी. आणि कोणी ‘पुरे’ म्हटले, तर यजमानाने त्यात अनादर मानू नये.