व्हॉल्व्हची निवृत्ती

जुन्या अमेरिकन हॅम ट्रान्समीटरमधला ८६६-ए रेक्टिफायर म्हणजे काउंटरवरचा आमचाच भाऊबंद. काम एकच : उलटसुलट येणाऱ्या विजेला एका दिशेच्या रांगेत लावणं! पाऱ्याच्या वाफेचा हा व्हॉल्व्ह निळा उजळतो खरा, पण नुसता तापायलाच १२.५ वॉट खातो, वर ३० सेकंद थांबायला लावतो. त्याच्या जागी दाण्याएवढे सिलिकॉन डायोड माळेसारखे ओवले की खर्चही नाही, खोळंबाही नाही.

मात्र म्हाताऱ्यासाठी थांबता थांबता शेजारचे व्हॉल्व्हही तापून तयार व्हायचे. आता बटण दाबताच त्या थंडगारांवर पूर्ण व्होल्टेज! काही दिरंगाई हा शेजारधर्म असतो, हे कुठल्या हिशेबात बसवणार?

डायोड खुशाल लावा. पण थांबायची सवय सोडू नका, आणि सॉकेट उखडू नका. निवृत्ताची निदान खुर्ची तरी राहू द्या!