आत्याची गोळी

माणसानं नेहमी खरं बोलावं की नाही, हा प्रश्न पूर्वीचे लोक हरिश्चंद्राकडे नेऊन सोडवत असत. त्याला राज्य गेलं, बायको गेली, मुलगा गेला आणि शेवटी सगळं व्याजासकट परत मिळालं, तेव्हा खरं बोलायला हरकत नाही, असा एकंदर हिशेब. माझा प्रश्न मात्र हरिश्चंद्रापर्यंत पोचतच नाही. तो आमच्या घरातल्या फडताळात, वरून दुसऱ्या फळीवर, मेतकुटाच्या बरणीशेजारी असलेल्या बी-कॉम्प्लेक्सच्या बाटलीपाशी अडतो.

ही बाटली माझ्या आत्याची. आत्या गेली काही वर्षं आमच्याकडेच असते. वय ब्याऐंशी. सकाळी आंघोळ, तुळशीला पाणी, देवाची पूजा, अर्धा कप चहा आणि त्यानंतर एक बी-कॉम्प्लेक्सची गोळी, असा तिचा नेम. या क्रमात कधी फरक पडला नाही. एकदा गोळी पूजेच्या आधी घेतली गेली, तर दिवसभर काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं तिला. गोळी हातात घ्यायची, एकदा कपाळापर्यंत न्यायची, मग तोंडात. त्या गोळीला ओल्या गोणपाटासारखा एक वास असतो. तुळशीचं तीर्थ घेताना चेहऱ्यावर जो भाव असतो तोच भाव ठेवून तो वास गिळायचा. हे मी तीसेक वर्षं पाहत आलो आहे, म्हणजे ती तिच्या घरी होती तेव्हापासून.

सुरुवात काकांनी करून दिली होती. आत्याचं कसलंसं आजारपण झालं, डॉक्टरांनी महिनाभर या गोळ्या लिहून दिल्या. महिना संपला तरी काका पगाराच्या दिवशी चहापावडर, उदबत्ती आणि गोळ्यांची बाटली घेऊन यायचेच. डॉक्टरांनी थांबवा म्हटलं नव्हतं, एवढाच काकांचा युक्तिवाद. सरकारी नोकरीत अडतीस वर्षं काढलेल्या माणसाला लेखी आदेशाशिवाय काही बंद करता येत नाही. पुढे काका गेले. बाटली चालू राहिली.

आता माझ्याविषयी. मी डॉक्टर नाही. पण मी वाचतो. वाचणारा माणूस घरात असणं हे एक दुखणंच आहे, असं आमची ही म्हणते, आणि त्यावर अजून गोळी निघालेली नाही. आत्या पूर्वी गोळीऐवजी कॅप्सूल घेत असे. त्या कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन जनावरांच्या हाडाकातड्यापासून काढतात, ही माहिती एका एकादशीला मीच तिला पुरवली होती. तिनं दोन दिवस पाणीसुद्धा नीट घेतलं नाही. मग कॅप्सूलची गोळी झाली. खरं बोलण्याचा माझा हा पहिला पराक्रम.

दुसरा पराक्रम जीवनसत्त्वांवरची दोन जाडजूड पुस्तकं एका दमात वाचून काढली त्या महिन्यातला. काय काय कळलं म्हणून सांगू! 'व्हिटॅमिन' हा शब्द 1912 साली कॅसिमिर फुंक नावाच्या संशोधकानं तयार केला, तोही थोड्या चुकीच्या समजुतीनं. हे सगळे पदार्थ 'अमाइन' जातीचे असावेत असं त्याला वाटलं, आणि पुढे ते तसे नाहीत असं निघालं. लायनस पॉलिंग या दोन नोबेल पारितोषिकं मिळवलेल्या माणसानं 1970 साली पुस्तक लिहून जगाला सांगितलं की भरपूर 'क' जीवनसत्त्व खा, सर्दी पळेल. जग भरपूर खाऊ लागलं आणि भरपूर शिंकतही राहिलं. पुढच्या चाचण्यांत दिसलं ते एवढंच की रोज घेणाऱ्याची सर्दी जराशी लवकर आटपते. फिनलंडमध्ये तर एकोणतीस हजारांवर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर वर्षानुवर्षं प्रयोग झाला. गाजरातलं बीटा-कॅरोटिन गोळीतून दिलं तर फुप्फुसाचा कर्करोग टळेल, अशी आशा होती. 1994 साली निकाल आला. गोळी खाणाऱ्यांत कर्करोग 18 टक्क्यांनी जास्तच! गाजर बिचारं वर्षानुवर्षं कुणाच्या अध्यात ना मध्यात, त्यालाही गोळीत घालून बदनाम केलं.

आणि 'ब' गटातली जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात. शरीराला नको असलेली बहुतेक लघवीवाटे निघून जातात. गोळी घेतल्यावर लघवीला जो झगझगीत पिवळा रंग येतो, तो त्यातल्या बी-2चा. म्हणजे पगाराच्या दिवशी काकांनी आणलेले पैसे तीस वर्षं कुठे गेले, याचा मला पुराव्यासकट पत्ता लागला.

मी हे आत्याला सांगितलं. का सांगितलं, या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा फार भारदस्त उत्तर होतं. माणसानं भ्रमात राहू नये. अज्ञानातून आलेलं समाधान खरं नव्हे. वगैरे. आता मागे वळून पाहताना शंका येते की मला नवीन कळलेलं कुणाला तरी सांगायचं होतं, आणि घरात ऐकून घेणारी तेवढी आत्याच होती. ही स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच आपटत होती.

आत्यानं सगळं शांतपणे ऐकलं. फिनलंडसुद्धा ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे ह्यांनी उगीचच आणल्या म्हणायच्या."

"काकांचा काय दोष, आत्या? त्या काळी कुणाला माहीत होतं!"

"तसं नव्हे रे. उगीचच होत्या ना?"

"चौरस आहार असला की गोळीची गरज नसते," मी म्हणालो. हे वाक्य पुस्तकातलंच होतं, आणि खरंही आहे. फक्त आत्याच्या ताटाकडे मी त्या वेळी पाहिलं नव्हतं. सोमवार, चतुर्थी, एकादशी. चातुर्मासात कांदा-लसूण नाही. दूध नातवंडांना, दही नैवेद्याला, ताक जो मागेल त्याला. तिच्या वाट्याला अर्ध्या कपात असेल तेवढं दूध. मी रोज न्याहारीला वेगळ्या तव्यावरचं ऑम्लेट खाऊन तिला चौरस आहाराविषयी सांगत होतो.

दुसऱ्या दिवसापासून गोळी बंद झाली. बाटली मात्र तिनं टाकली नाही.

पुढे दोनेक वर्षांनी आत्या पायाला मुंग्या येतात म्हणू लागली. वय झालं, आम्ही म्हटलं. मग एकदा देवळातून परत आली ती एका पायात चप्पल घालून. दुसरी रस्त्यात कुठे निसटली ते तिला कळलंच नव्हतं. भिंत धरून चालू लागली. जीभ लाल झाली, तिखट लागेना की आंबट. आणि एका संध्याकाळी, साठ वर्षं म्हणत आलेल्या आरतीच्या मध्यावर ती थांबली आणि पुढचं कडवं माझ्याकडे मागितलं. तेव्हा मात्र मी घाबरलो. आत्याला आरतीत मी सांगावं, म्हणजे जग उलटं झालं.

रक्त तपासलं. बी-12 अगदी तळाला गेलेलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की हे जीवनसत्त्व मांस, मासे, अंडी यांत आणि थोडंफार दुधादह्यात असतं, भाजीपाल्यात नाही. त्यातून म्हातारपणी जठरातलं आम्ल कमी होतं, म्हणून अन्नातलं बी-12 सुटून अंगी लागणंही कमी होतं. यकृतात साठा असतो, तो कित्येक वर्षं पुरतो, त्यामुळे तूट लगेच दिसत नाही.

"पूर्वी काही घेत होता का?" त्यांनी विचारलं.

"बी-कॉम्प्लेक्स. तीसेक वर्षं."

"मग बंद का केलंत? कुणी सांगितलं?"

मी खुर्चीत जरा सावरून बसलो. आयुष्यात खरं बोलण्याच्या ज्या थोड्या संधी खरोखरीच्या असतात, त्यांतली ही एक होती. माझं तोंड उघडलंही असावं.

"कुणी नाही," आत्या म्हणाली. "मलाच कंटाळा आला."

डॉक्टर म्हणाले, त्या गोळीत बी-12 फार नसतं, ती चालू असती तरी हे झालंच असतं कदाचित. किंवा नसतंही झालं. मला 'किंवा' तेवढं ऐकू आलं. मी मात्र काहीच बोललो नाही. जिलेटिनपासून फिनलंडपर्यंत ज्याला सत्याचा उमाळा येत होता तो इसम, डॉक्टरांच्या टेबलावरच्या काचेखाली ठेवलेलं कॅलेंडर वाचत बसला.

इंजेक्शनं सुरू झाली. "ह्यात प्राण्याचं काही नाही ना?" आत्यानं मला विचारलं. मी म्हटलं, नाही, हे कारखान्यात जीवाणूंकडून तयार करून घेतात. "मग जीव आहेतच की," ती म्हणाली. मी दह्याचा दाखला दिला, तेव्हा तिनं दंड पुढे केला. हळूहळू भिंत सुटली. आरती परत आली. पायाची बधिरता थोडी राहिली आहे, ती राहील म्हणतात.

तेव्हापासून मला झोप येईना की मी त्याच दोन पुस्तकांत दुसरंच काही शोधत बसतो. 1747 साली जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरनं स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांच्या जोड्या केल्या. कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचं पाणी, कुणाला चक्क पातळ गंधकाम्ल, आणि एका जोडीला संत्री-लिंबं. लिंबंवाले आठवड्याच्या आत उठून बसले. पण का, ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि ब्रिटिश आरमारात लिंबाचा रस सर्रास मिळायला 1795 उजाडलं. आणखी जवळची गोष्ट आपल्या मुंबईतली. लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टरीण इथल्या गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या पांडुरोगाचं कारण शोधत होती. अखेर तिनं त्यांना यीस्टचा काळाकुट्ट चिकट अर्क, मार्माइट, चाटायला दिला आणि त्या बऱ्या झाल्या. हे तिनं 1931 साली प्रसिद्ध केलं. त्या अर्कात नक्की काय होतं, ते तिलाही माहीत नव्हतं. फॉलिक ॲसिड हे नाव आलं 1941 साली, पालकाच्या पानांतून.

म्हणजे कारण ठाऊक नसताना बरोबर वागलेली माणसं निघाली ही. आत्याही त्यांतलीच. काकांची आठवण म्हणून, देवाचा प्रसाद म्हणून, काहीतरी चुकीच्याच कारणासाठी ती तीस वर्षं बरोबर गोळी खात होती. आणि मी सगळी कारणं पाठ करून तिला चुकवलं. मी जे सांगितलं त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तिनं डॉक्टरांना सांगितलं ते सपशेल खोटं. आता यांतलं पाप कुणाच्या खात्यावर घालायचं? हिला विचारलं तर ती म्हणाली, "आधी दळण आणा."

एकदा धीर करून मी आत्याला म्हटलं, "डॉक्टरांना खरं का नाही सांगितलंस?"

"काय खरं?"

"की मी बंद करायला लावल्या."

"तू कुठे लावल्यास? तू माहिती दिलीस," ती म्हणाली, आणि वाती वळत राहिली.

आता इंजेक्शन महिन्यातून एक. बाकी रोज गोळी. पहिल्या तारखेला बाटली मी आणतो, चहापावडर आणि उदबत्तीबरोबर. परवा चहा झाल्यावर आत्यानं गोळी हातात घेतली, कपाळाला लावली आणि बाटली माझ्याकडे सरकवली. "तूही घेत जा एक. चेहरा उतरलाय तुझा."

मी अंडी खातो, दूध पितो, मासे मिळाले तर सोडत नाही. माझ्या पोटात त्या गोळीचं काय होणार, आणि ती कुठल्या रंगानं बाहेर पडणार, हे मला पानांच्या आकड्यांसकट माहीत आहे. आत्या वाट पाहत होती.

"वर पाणी पी पुरेसं," ती म्हणाली. मी प्यालो.