कर्ज, गणित आणि 'नाही' म्हणण्याची मोकळीक

हजीऱ्याच्या खत कारखान्याच्या वसाहतीत रविवारची प्रार्थनासभा संपली, तेव्हा मंडळीतील एका तरुणाने मला गाठले. "काका, मला क्वांटिटेटिव्ह फायनान्समध्ये जायचे आहे. ख्रिस्ती माणसाने जावे का?" मुलगा सुरतेत बी.टेक. झालेला, गणितात हुशार. वडील नगर जिल्ह्यातून नोकरीस आलेले.

शेअर, रोखे, कर्जे, विमा ह्यांच्या किमती व त्यांतील जोखीम गणिताने मोजणे, हे ह्या विद्येचे काम. त्यात वाईट काय? बँकेचे किती कर्ज बुडू शकेल हे कोणीतरी मोजलेच पाहिजे. अमेरिकेत २००८ साली घरकर्जांवरचे रोखे कोसळले, त्याला चुकीची मोजणी हेही एक कारण होते.

पण दुसरी बाजूही आहे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये फ्युचर्स-ऑप्शन्सचा तीन वर्षांचा हिशेब मांडला. व्यक्तिशः व्यवहार करणाऱ्यांपैकी शंभरात त्र्याण्णव जण तोट्यात. एकूण तोटा १.८ लाख कोटींहून अधिक. उलट २०२३-२४ ह्या एका वर्षात स्वतःच्या पैशाने व्यवहार करणाऱ्या संस्थांना सुमारे ३३,००० कोटींचा नफा झाला, आणि तो बहुतेक संगणकाच्या अल्गोरिदमने मिळवलेला. ते अल्गोरिदम लिहितात हेच गणिती.

अशा वेळी आपल्यातील काही बंधू रुपयांचा दाखला पुढे करतात. चाकराने दुप्पट कोणाकडून मिळवले हे त्या दाखल्यात नाही. म्हणून ते विचारूच नये, असा अर्थ काढणे मला पटत नाही.

मी त्याला उलट विचारले, "कोणत्या वाटेने जाणार?" एक वाट परदेशी फायनान्शियल इंजिनिअरिंगच्या पदवीची, त्यासाठी घर गहाण ठेवून साठ लाखांचे कर्ज. त्या पदवीने ती विशिष्ट नोकरी लवकर मिळू शकते, हे खरे. दुसरी वाट कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या एम.स्टॅट.ची. प्रवेशपरीक्षा फार कठीण, पण विद्यार्थ्याला विद्यावेतन मिळते. तेथून शेअरबाजारात जाता येते, तसेच विमा, औषधसंशोधन, शेतीची पाहणी ह्यांतही.

माझा कल दुसऱ्या वाटेकडे होता. उद्या वरिष्ठांनी मनाला न पटणारे काम सांगितले, तर साठ लाख डोक्यावर असलेला मुलगा 'नाही' कसे म्हणेल? ऋणको हा सावकाराचा दास होतो, हे नीतिसूत्रकाराला आपल्याआधी ठाऊक होते.

त्याची आई चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "भाऊ, कर्ज नसलेल्या गरिबाला तरी 'नाही' कुठे म्हणता येते? ह्याचे बाबा तीस वर्षे रात्रपाळी करतात, ती काय आवडीने?"

ह्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. धर्मशिक्षणाच्या पदविकेत असे प्रश्न कोणी विचारत नाही.

मुलाने कलकत्त्याचा अर्ज भरला आहे. परदेशी विद्यापीठाचे पत्रही त्याने फाडलेले नाही. घराच्या कागदांसोबत ते कपाटात आहे.