धूर, पाचोळा आणि मी



आजचा श्लोक: भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ४८.

अर्थ थोडक्यात असा: आपल्या वाट्याला सहज आलेलं कर्म सदोष असलं तरी सोडू नये, कारण अग्नीसोबत जसा धूर, तसा प्रत्येक कामाबरोबर काही ना काही दोष असतोच. हा श्लोक मला आधीपासून आवडायचा. गेल्या फाल्गुनात मी त्याच्याआड लपलो, म्हणून आज लिहितोय.

आमचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात. वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा. चार दिवस सुट्टीवर गेलो होतो. घरामागच्या सांदवाडीत सागाच्या पानांचा खच पडला होता. भेंडी, गवार लावायला वाफे मोकळे करायचे होते. आई म्हणाली, "पानं झाडून लिंबाच्या आळ्यात टाक." मला बारा वाजता कॉल होता. ढीग केला, काडी लावली.

वारा सुटला. कुंपणाखालचं वाळलेलं गवत पेटलं आणि तिथून शेजारच्या काकांचा तणसाचा ढीग. आमचा भाग धानाचा, तणीस म्हणजे पावसाळ्यापर्यंतचा बैलांचा चारा. बैल सोडले, माणसं वाचली, तणीस मात्र अर्ध्या तासात राख. बाबांनी भरपाई दिली. काका पैसे घेत एवढंच म्हणाले, "पैशे त ठेवतो बाबू, पन बैल पैशे खाते का?"

रात्री मी बाबांना हाच श्लोक ऐकवला. म्हटलं, दोष कुठल्या कामात नसतो? बाबा काही बोलले नाहीत, उठून झोपायला गेले.

आमच्या क्षेत्रात 'नोन इश्यू' नावाचं एक सोयीचं लेबल असतं. अडचण आहे हे मान्य करायचं, लेबल लावायचं आणि तिकीट बंद करायचं. मी गीतेच्या श्लोकाचं तेच केलं होतं. खरं तर भगवंत हे कोणाला सांगताहेत? दोषाच्या भीतीने कर्मच टाकून निघालेल्या अर्जुनाला. निष्काळजीपणा करून आलेल्याला नाही. आणि माझं सहज कर्म होतं वाफे तयार करणं. काडी लावणं हा त्यातला शॉर्टकट होता, तो टाळता आला असता. धूर अग्नीबरोबर येणारच, पण तिथे अग्नी हवाच होता का, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता.

इथपर्यंत सोपं आहे. पुढचं मला अजून अवघड जातं.

याच दिवसांत आमच्या दोन्ही जिल्ह्यांच्या जंगलात मोह फुलतो. फुलं रात्रीतून गळतात, पहाटे वेचायची. वाळक्या पानांत ती दिसत नाहीत म्हणून अनेक जण झाडाखालची पानं जाळतात. एक आग राहिली की जंगलात पसरते. लहान रोपटी जळतात, त्यात उद्याचे मोहही आले. वनखात्याचा वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत धरतात, जाळरेषा काढतात, गावोगावी सांगत फिरतात. आमच्या ओळखीच्या एका मावशींना मी मोठ्या शहाणपणाने टोकलं, तर त्या म्हणाल्या, "पानं नाही जाळले त फूल दिसन कसं बाबू?"

त्यांचं कर्म माझ्यापेक्षा कितीतरी सहज. घरात चार पैसे त्यातून येतात. मग श्लोक त्यांना लागू आणि मला नाही, असं म्हणू? मन तसं म्हणायला तयार होतं. पण रोपटं जळताना काडी गरजेने लावली की आळसाने, हे त्याला कळत नाही. पानं झाडून, खाली जाळी किंवा जुनी साडी अंथरूनही फुलं वेचता येतात. त्याला वेळ लागतो, हात लागतात. तो वेळ आणि ते हात मावशींनी एकटीनेच आणायचे का? मी ज्या खुर्चीवरून प्रश्न विचारत होतो, तिथून हे विचारायचं राहून गेलं.

यंदा सुट्टी वाढवून आलोय. पानं आळ्यांत पसरली, वीतभर थर, बुंध्यापासून चार बोटं सोडून. लिंबू, शेवगा, सीताफळ झालं. उन्हाळ्यात इथे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा ओल धरायला हेच कामाला येईल. वाळक्या फांद्या कापल्या, भेंडी टोकली. दोन सकाळी गेल्या, कंबर धरली. आणि हो, दोष इथेही निघाला: पाचोळ्यात उधई आली, आणि आई रोज बजावते, विंचू असतील, हात घालू नको. श्लोकातला धूर मला पहिल्यांदा इथे दिसला.

काकांनी यंदा तणसाचा ढीग आमच्या कुंपणापासून लांब, वाडीच्या दुसऱ्या टोकाला रचलाय.