हजेरीपट कोणाचा?

ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने बऱ्याचशा भारतीय मालावरचे आयातशुल्क 50 टक्क्यांवर नेले आणि आपल्याकडे एक जुनी चर्चा नव्याने रंगली. कारखाने परदेशी गेले म्हणून अमेरिकेतला मध्यमवर्ग खचला. आता तेच कारखाने चीन सोडून भारतात येतील आणि आपला मध्यमवर्ग वाढेल, असा तिचा सूर. डेट्रॉईटने घालवले ते चाकण कमावणार! हा हिशेब बुऱ्हाणपुरात चुकतो.

तापीकाठच्या या गावाचे कापड सतराव्या शतकात इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जात होते, अशी नोंद टाव्हर्निये या फ्रेंच व्यापाऱ्याने केली आहे. बाकीचा इतिहास पर्यटकांना पाठ असतो. महत्त्वाचे हे की कापड विणण्याचे काम बुऱ्हाणपूर सोडून कधीच गेले नाही. आजही गावात हजारो यंत्रमाग चालतात. कारखाना आला की मध्यमवर्ग आपोआप येतो, हे खरे असते तर बुऱ्हाणपूर एव्हाना बंगल्यांचे गाव व्हायला हवे होते.

तसे का झाले नाही, हे मागावर उभे राहिले की कळते. सूत व्यापाऱ्याचे, माग दुसऱ्याचा, विणणारा तिसराच. मजुरी मीटरवर. वीज गेली की मजुरी गेली. सुताचा भाव चढला की व्यापारी काम थांबवतो, आणि विणकर घरी बसतो. मागमालकांपैकी काहींनी घरे बांधली, मुले शिकवली, हे मान्य. पण तेही बहुतेकदा दुसऱ्याच्या सुतावर मजुरीनेच विणतात. भिवंडी, मालेगावची गोष्ट वेगळी नाही. 1982 च्या गिरणी संपानंतर मुंबईच्या गिरणगावातले कापड समुद्रापार गेले नव्हते, कल्याणच्या खाडीपलीकडे भिवंडीला गेले होते. काम देशातच राहिले आणि तरी लालबाग-परळचा कामगार रस्त्यावर आला.

बुऱ्हाणपुरातही एक लालबाग आहे. तिथल्या तापी मिलचे 1974 मध्ये राष्ट्रीयीकरण झाले, ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. मार्च 2020 च्या टाळेबंदीत महामंडळाच्या इतर गिरण्यांबरोबर तिचेही भोंगे थांबले, ते थांबलेच. मिल आणि यंत्रमाग, दोन्हीकडे धंदा कापडाचाच. पण मिलचा कामगार ‘कायम’ होता. त्याच्या पगारपत्रकावर कर्ज मिळे, फंड कापला जाई, निवृत्तीला ग्रॅच्युइटी येई. मुलाला कॉलेजात घालायचे की नाही, हे त्याला दहा वर्षे आधी ठरवता येत होते.

याच जिल्ह्यातले नेपानगर तर या ‘कायम’ शब्दावरच वसले. सलईचे लाकूड आणि बांबू यांपासून वृत्तपत्राचा कागद करणारा देशातला हा पहिला कारखाना. 1956 च्या एप्रिलमध्ये नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. जंगलाच्या कडेला क्वार्टर, शाळा, दवाखाना उभे राहिले. मग 1995 मध्ये वृत्तपत्र कागदाची आयात खुली झाली, परदेशी कागदाचे रीळ बंदरांवर उतरू लागले आणि नेपाची घसरण वाढली. कारखाना जुनाट होता, तोट्यात होता, हेही खरेच. 2016 मध्ये नूतनीकरणासाठी उत्पादन थांबले, ते 2022 च्या ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात, 2019 च्या अर्थसंकल्पात या कागदावर 10 टक्के शुल्क बसले, तेव्हा वृत्तपत्रचालकांनीच गहजब केला आणि पुढच्या वर्षी ते निम्म्यावर आले. स्वदेशीवरचे अग्रलेख परदेशी कागदावर छापायची आपली सवय तशी जुनीच.

म्हणजे नेपानगरला आयातीने धक्का दिला, तापी मिल घरच्या घरी बंद पडली. वाटा वेगळ्या, पण दोन्हीकडे जे आटले ते एकच: नोकरी. काम आणि नोकरी यांतला भेद मराठी बोलणाऱ्याला शिकवावा लागत नाही. सोयरीक जुळवताना मुलगा ‘कामाला आहे’ आणि ‘नोकरीला आहे’ यांत केवढे अंतर पडते, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. ते फक्त ‘रोजगारनिर्मिती’च्या आकड्यांत पुसले जाते. माल स्वस्त झाल्याने मध्यमवर्गाचा फायदाच होतो, असे म्हणणाऱ्यांनी नोकरीशिवाय ग्राहक पैसे कुठून आणतो ते सांगावे.

परदेशी कारखाने येतायत, येऊ द्यावेत. पण तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूरला आयफोन जोडणाऱ्या मुलींनी डिसेंबर 2021 मध्ये वसतिगृहातल्या विषबाधेनंतर महामार्ग अडवला, तेव्हा त्यांतल्या अनेकींची नेमणूक कंत्राटदारामार्फत झालेली होती. काम खात्रीने आले होते. नोकरी आली होती का?

पुढच्या कारखान्याच्या भूमिपूजनाला मंत्री रोजगाराचा आकडा सांगतील. तो लिहून घेण्याआधी वार्ताहराने एवढेच विचारावे: यांतली किती नावे कंपनीच्या हजेरीपटावर असतील आणि किती ठेकेदाराच्या?